दुसरी रजई

आमच्या तळेगावात डेपोवरून गल्लीत वळलं की डाव्या हाताले एक कापडाचं दुकान लागते, त्याचं शटर कायम अर्धंच वर राह्यते. पूर्ण वर ढकलायले दादीचा हात पुरत नाई, अन् तशी गरजही नाई, कारण येणारं एखादं गिऱ्हाईक वाकून आत येते. नवे कपडे घ्यायले लोक आर्वीले जातात नाई तं सरळ अमरावतीले. दादीकडे उरलं ते टॉवेल, अस्तर, परकर, ब्लाऊजपीस, अन् कोणाच्या घरी काई झालं तं लागणारं पांढरं कापड. ते कापड घ्यायले जो येते त्याले ती आत बसवते, पाणी देते, काई विचारत नाई. तिले माहीत आहे तवा काई विचारलं तं माणूस रडते.

दादी म्हणजे सुलोचनाबाई. मोतीलाल सेठची बायको, म्हणून गाव तिले सेठाणी म्हणते. माही सख्खी आजी नाई, आमचं घर समोर आहे बस. तिचा नातू अंकित तिसरीपर्यंत इथीच होता, त्याचे आईबाप बंगलोरले जम बसवत होते म्हणून. तो दादी दादी करत फिरे तं गल्लीतले सगळे पोट्टेपोट्ट्या तिले दादीच म्हणाले लागलो. मंग एका उन्हाळ्यात त्याले घेऊन गेले. तो गेला, नाव इथीच राह्यलं.

मोतीलाल सेठ त्याच्या आधीच गेलते, अठ्ठ्याण्णवमधी, दुकानातच, गादीवर बसल्या बसल्या. धर्मेंद्रभैया तवा पुण्याले नोकरीवर होता, मंग बंगलोरले गेला, कम्प्युटरचं काम करते. "माँ, दुकान विकून टाक, इकडे ये" असं तो सुरुवातीले म्हणे. ती गेलीही होती एकदा. महिनाभर राह्यली अन् परत आली. मी विचारलं काऊन आली तं म्हणे, "तिथी खिडकीतून पाह्यलं तं समोर खिडकीच आहे, अन् त्या खिडकीतलं कोणी मले ओळखत नाई." त्याच्यानंतर तोही ये म्हणाचा कमी झाला अन् तीही जाईन म्हणाची.

मी आर्वीच्या कॉलेजातून येते तं बस कितीही उशिरा लागो, ती शटरखालून वाकून पाहतेच. "आली काय व इले?" माहं नाव इला. "आली दादी." एवढं झालं की शटर खाली. मले पहिले वाटे ती माह्यासाठी थांबते. मंग समजलं, दिवस बंद करायच्या आधी तिले कोणीतरी आलेलं पाह्यजे असते, मंग ते आपल्या घरचं असो का दुसऱ्याच्या.

तर रजईचं सांगते, पण त्याच्या आधी बिस्तराचं सांगावं लागन, नाई तं कोणाले काईच समजणार नाई.

धर्मेंद्रभैया नव्वदच्या आसपास नागपूरले होस्टेलवर होता. सुट्टी लागली की तो आपलं बिस्तर गुंडाळे, कॅनव्हासचा पट्टा घट्ट आवळे, अन् अमरावतीच्या एस्टीच्या टपावर चढवून देये. स्वतः येत नसे! मित्रांसोबत एखादा पिक्चर पाहून दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं येये. डेपोत कंडक्टर बिस्तर उतरवून ओरडे, "सेठचं बिस्तर आलं हो!" की मोतीलाल सेठ दुकानातूनच हाक मारत, "सुलोचना, बिस्तर आलं, उद्याले भाजी जास्त घेजो." त्यांच्यात हे आधीपासूनच होतं म्हणे. सेठचे बाप राजस्थानातून आले तवाही बिस्तर पहिले कोणाच्या तरी गाडीत आलं अन् माणसं मागून. बिस्तर आलं म्हणजे माणूस निघाला, याच्यावर त्या घरात कोणी शंका घेत नसे.

अन् दुसरी गोष्ट. येणाऱ्याले "कधी येतो" म्हणून विचारायचं नाई. त्याले टोकणं म्हणतात. टोकलं की माणूस अडकते, गाडी चुकते, काईतरी होते. म्हणून दादीनं आख्ख्या जिंदगीत ना नवऱ्याले विचारलं ना पोराले. भाजी जास्त घ्यायची अन् वाट पाह्याची.

दोन हजार नऊची गोष्ट आहे, दिवाळी होऊन गेलती, थंडी पडाले लागलती. भैयानं फोनवर सांगतलं, "माँ, तुह्यासाठी कम्प्युटरवरून रजई मागवली, घरपोच येईन." घरी ते मारवाडीत बोलतात, पण मले ती समजते, लिहिता येत नाई, म्हणून आपल्या बोलीत लिहून राह्यली. आमच्या गल्लीत असं कम्प्युटरवरून कोणाले काई आलंच नव्हतं. आर्वीहून मोटरसायकलवर कुरियरवाला आला तं पोट्टे मागं मागं पळाले.

मी संध्याकाळी आली तं शटर त्या दिवशी अजूनच खाली, अन् आत दादी खोक्याजवळ बसलेली. खोक्यातून दोन रजया निघाल्या होत्या. गुलाबी, बारीक फुलांची छपाई, हातात घेतली तं कापसाचं वजनच नाई असं वाटे. चेनच्या प्लास्टिक बॅगमधी, एकीसारखी एक.

"दादी, दोन मागवल्या काय भैयानं?"

"दोन आल्या."

"पण दोन कायले? तू तं एकटी..." मी तोंडावर हात ठेवला, बोलून गेली पण मी.

ती रागावली नाई. हसत होती! मले जवळ ओढलं अन् हळूच म्हणे, "तुले नाई समजणार व. बिस्तर आलं."

मले खरंच समजलं नाई. आईनं घरी समजावलं तवा मले एवढं बरं वाटलं, मी अंकितसाठी कॅरमचा बोर्डही काढून पुसून ठेवला.

त्याच्यानंतरची दादी मी पाह्यली नव्हती कधी. वरची खोली उघडली, जी अंकित गेला तवापासून बंद होती. गादी नव्यानं भरून आणली. खिडकीच्या काचा पुसताना स्टुलावर चढली, मी ओरडली तं म्हणे, "तू खाली धर अन् चूप राह्य." मेथीचे लाडू केले, कारण भैयाले कडूच आवडतात. दुसरी रजई बॅगेतून काढून गच्चीच्या कठड्यावर उन्हात टाके अन् काठी घेऊन जवळच बसून राहे, कावळा बसू नये म्हणून. आपली स्वतःची मात्र तिनं उघडलीच नाई. रात्रीले तीच जुनी वाकळ.

"अव, थंडी वाजते तं तुही तरी काढ ना," कमलाबाई म्हणाली. कमलाबाई बाजूच्या घरातली, तिचं लक्ष सगळ्या गल्लीवर राह्यते.

"आले म्हणजे सोबतच काढू. घरात नवं आलं तं सगळ्यांनी एकाच दिवशी पांघरावं."

"कधी येऊन राह्यला मंग पोरगा?"

दादीनं कानावर हात ठेवले. "टोकू नका हो कमलाबाई!"

भैयाचा फोन रविवारी सकाळी येते. मोबाईल त्यानंच पाठवला होता, दादीले ऐकू कमी येते म्हणून ती स्पीकरवर ठेवते, म्हणजे आख्खी गल्ली ऐकते. पहिल्या रविवारी तो म्हणे, "रजई भेटली नं? बरी आहे?" "बरी आहे." "गरम आहे?" "असन." "असन म्हणजे? पांघरत नाई काय?" मले सहन होऊन राह्यलं नव्हतं, मी 'भैया, कधी निघता' असं विचाराले तोंड उघडलं, तं तिनं माह्या तोंडावर हात दाबला. हाताले मेथीचा वास. फोन ठेवल्यावर म्हणे, "पाह्य, विचारून राह्यला पांघरली का म्हणून. त्याले माहीत आहे मी थांबली आहे."

म्हणजे ज्याच्यात काई नव्हतं त्याच्यातही तिले तेच ऐकू येत होतं. मले तवा थोडी भीती वाटली, पण मी काई बोलली नाई, कारण मलेही तेच ऐकू येत होतं.

दुसऱ्या रविवारी तिच्याच तोंडून निघालं. तो थंडीचं विचारत होता, बंगलोरले थंडी नसते म्हणे, तं ही म्हणे, "इथी आहे, पण तू काळजी करू नको, तुही रजई रोज उन्हात टाकते मी."

"माही? माही कोणती?"

"दुसरी."

"कोणती दुसरी माँ?"

"दोन आल्या नं रे बेटा. एक माही, एक तुही."

मंग तो हसला. जोरात हसला, वाईट मनानं नाई, पण हसला, अन् बायकोले सांगाले लागला. "अंजू, ऐकलं काय, कंपनीनं माँले दोन पाठवल्या! माँ, मी एकच मागवली होती. तुह्यासाठी. त्यांची गलती झाली. लॉटरी लागली तुही, ठेवून घे!"

"तू नाई मागवली?"

"नाई नं. चूपचाप ठेवून दे. एवढ्या मोठ्या कंपनीले काई फरक पडत नाई, कोणी विचारालेही येत नाई."

"बरं," दादी म्हणे. अंकितचा अभ्यास, अंजूभाभीची तब्येत, सगळं विचारलं तिनं नेहमीसारखं. फोन ठेवला अन् पदराच्या टोकानं मोबाईलची काच पुसत बसली. काच स्वच्छ होती.

मी रडली. ती नाई रडली. मी म्हटलं दादी ठेव तू, काई होत नाई, ठेव. मले वाटलं निदान ती वस्तू तरी राहो तिच्याजवळ. तोपर्यंत कमलाबाई आलीच होती, भिंतीपलीकडून सगळं ऐकून. "ठेवा हो सेठाणी, देवानं दिली समजा."

"देव कुरियरनं पाठवत नाई, कमलाबाई."

"पाहुणे आले तं कामी पडन."

"कोणते पाहुणे?"

कमलाबाई गेली. दादीनं मले सांगतलं, गच्चीवरून रजई आण.

ती आणली तं तिनं दुकानातल्या कापड मोजायच्या पाटावर पसरली. मले वाटलं आता कुशीत घेईन. तिनं घडी शोधली. कापडवाल्यांचं असते ते, माल आला तं त्याच्या मूळच्या घडीवरच मोडायचा, दुसरी घडी पडली की माल जुना दिसते. उन्हानं घड्या पुसट झाल्या होत्या, ती बोटानं चाचपत चाचपत एक एक घडी काढत होती अन् बोलत होती, माह्याशी का रजईशी माहीत नाई. "कोणीतरी हिची वाट पाहत असन. कोणाच्या तरी नावानं निघाली अन् माह्या घरी येऊन बसली. अन् मी येडी, हिच्यासाठी खिडक्या पुसल्या."

"दादी, पण..."

"पोट्टा म्हणते ठेव. ठेवली तं काय होईन सांगू? मी रोज वर जाईन, हिले उन्हात टाकीन, अन् म्हणीन बिस्तर आलं आहे, येईनच तो. मले माहीत आहे माहं. लोकाची वस्तू घरात ठेवायची अन् तिच्या जिवावर आपलं मन फसवायचं, दोन्ही चोऱ्याच नं व."

घडी एकदम बरोबर बसली. चेन लावली तं उघडली होती असं कोणी म्हणू शकलं नसतं.

खोक्यावर कंपनीचा नंबर होता. मी लावून दिला, स्पीकरवर. एक पोरगी हिंदीत बोलली, आवाज गोड. तिनं पाह्यलं अन् म्हणे, "मॅडम, हमारे सिस्टम में तो एक ही गया है."

"तुम्हारे में एक गया, मेरे घर में दो आया," दादी म्हणे.

"लेकिन मॅडम, दूसरा दिखा नहीं रहा."

"मेरे को दिख रहा है बेटी, सामने रखा है."

मले हसू आलं, खरंच. ती पोरगी पण हसली असावी. म्हणे, "आप रख लीजिए ना मॅडम, कोई प्रॉब्लम नहीं है." दादीनं विचारलं, "तुम्हारे घर का माल है क्या बेटी, तुम दे रही हो?" दोन-चार वेळा फोन करावा लागला, दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून. शेवटी एकानं सांगतलं, तुमच्याकडे उचलाले माणूस येणार नाई, आर्वीच्या कुरियर ऑफिसात नेऊन द्या, ते पाठवतीन.

मी म्हटलं मी नेते, मले कॉलेजले जायचंच आहे. नाई म्हणे, मी येते.

अन् इथी तिनं ते केलं जे आठवलं तं मले अजून कसंतरी होते. खोकं मोठं होतं, बसमधी धरता आलं नसतं. तं तिनं कपाटावरून भैयाच्या होस्टेलच्या बिस्तराचा तो कॅनव्हासचा पट्टा काढला, रजई बॅगेसकट चादरीत गुंडाळली, अन् पट्ट्यानं आवळून बांधली. गुडघा ठेवून, दात दाबून, भैया बांधत असन तशी. डेपोत उभी राह्यली तं काखेत बिस्तर.

कंडक्टर जुनाच होता, ओळखीचा. "अरे वा सेठाणी! बिस्तर बांधलं! निघाली काय बंगलोरले?"

मागच्या बाया लागल्या बोलाले. एक म्हणे, "बरं केलं बाई, म्हातारपणी लेकाजवळच बरं." दुसरी म्हणे, "पोरगा नशीबवान लागते, बोलावते तरी." कोणीतरी सरकून तिले खिडकीजवळ जागा दिली. मी तोंड उघडलं तं तिनं माहा हात दाबला. मले वाटलं ती काईच बोलणार नाई, आर्वीपर्यंत लेकाकडे चाललेली बाई बनून बसन, अन् खरं सांगू, मी तिले बसू दिलं असतं. काय बिघडलं असतं कोणाचं?

पण बस गावाबाहेर निघाली अन् दादी मागं वळून म्हणे, "लेकाकडे नाई जी. हे लोकाचं सामान आहे, चुकून माह्या घरी आलं. वापस द्यायले चालली."

जागा देणारी बाई खिडकीबाहेर पाहाले लागली. आर्वी येईपर्यंत कोणी बोललं नाई तिच्याशी, संत्र्याचे बगीचे गेले, ती मांडीवर बिस्तर घेऊन सरळ बसून होती.

कुरियर ऑफिस म्हणजे एक खोली, टेबल, अन् चंद्रभान नावाचा माणूस, कानाले मफलर. त्याले सांगतलं तं तो पहिले समजलाच नाई. "तुटली आहे काय?" "नाई." "रंग दुसरा आला?" "नाई." "मंग वापस काऊन?"

"माही नाई म्हणून."

त्यानं माह्याकडे पाह्यलं, म्हातारीचं डोकं ठीक आहे नं असं. मंग म्हणे, "आजी, इथी लोक आलेली वस्तू नाई आली म्हणून सांगाले येतात. तुम्ही पहिल्याच." अन् नियमानं विचारलं, "उघडली होती काय?"

मी पटकन नाई म्हणणार होती. घडी एवढी बरोबर होती!

"उघडली," दादी म्हणे. "उन्हातही टाकली. पांघरली मात्र नाई कोणी. लिहून घ्या तसं."

त्यानं काईतरी लिहिलं अन् बिस्तर उचललं. दादी म्हणे, "थांबा." पट्टा सोडला, चादर काढली. "हे माहं आहे." रजई त्याच्याकडे सरकवली, पट्टा गुंडाळून पिशवीत ठेवला. बाहेर आलो तं मी म्हटलं चहा घेऊ, तं म्हणे नको, दुकान बंद आहे. जशी काई रांग लागली असन दुकानापुढं.

त्या रविवारी फोन आला तं मी तिथीच होती. रजई देऊन आली म्हणून दादीनंच सांगतलं. भैया म्हणे, "दिली काय खरंच वापस? माँ तू पण नं... बरं, जाऊ दे. तुही तर आहे नं गरम?"

"धर्मेंद्र," दादी म्हणे. ती त्याले बेटा म्हणते, नाव घेत नाई. मी तिच्याकडे पाह्यलं. तिनं मोबाईल दोन्ही हातात धरला होता. "तू कधी येतो?"

टोकलं तिनं. आख्ख्या जिंदगीत पहिल्यांदा.

तिकडे भैयालेही समजलं असावं, तोही त्याच घरात वाढला. मंग म्हणे, "पाहतो माँ. सुट्टीचं जरा..."

"पाहतो नको म्हणू. पाहतो म्हटलं की मी भाजी जास्त घेते. येतो का नाई येत, तेवढं सांग."

पाठीमागं टीव्हीचा आवाज येत होता, कोणीतरी तो बंद केला. "नाई जमत माँ," भैया म्हणे, आवाज बसलेला. "या वर्षी नाई. पुढच्या वर्षीचंही... मी खोटं नाई बोलत तुह्याशी. नाई माहीत."

"बरं," दादी म्हणे. "खरं सांगतलं, बरं केलं. जेवला काय?"

मले वाटलं ती पडन आता. ती उठली, वरच्या खोलीची खिडकी लावाले गेली. गादी गुंडाळून भिंतीले उभी केली, मी हात लावला. पट्टा तिनं खुंटीले टांगला. लाडवाचा डबा माह्या हातात दिला, "घेऊन जाय, खराब होतीन." म्हटलं दादी कडू आहेत, आमच्याकडे कोणी खात नाई. "मंग तू खाय. तुले सवय होईन."

खाली आली. कपाटातून आपली रजई काढली, तेवढे दिवस तशीच बंद होती. चेन अडकत होती, नवीन होती नं. मी ओढते म्हटलं तं म्हणे राहू दे. हळूहळू एकटीनंच ओढली, रजई बाहेर काढली, अंगाभोवती घेतली अन् भर दिवसा दुकानातल्या गादीवर बसली, मोतीलाल सेठ बसत तिथी. गुलाबी रजईतून फक्त तोंड दिसत होतं, अन् अर्ध्या शटरखालून रस्त्यावरचे लोकांचे पाय जाऊन राह्यले होते.

"गरम आहे," ती म्हणे.

मी अजूनही कॉलेजातून येते तं ती वाकून पाहते. "आली काय व इले?" आली दादी, म्हणते मी. एखाद्या दिवशी बस लय उशिरा येते, मी पळत येते डेपोवरून.